तेच तेच भरताना
(जळोची येथील मासिक बैठकीत आपल्या एका समूह संसाधन व्यक्तीने केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "तुझं बरंय बाई, बसून काम." बसून खरं, पण उठताना कंबर काय म्हणते ते मलाच ठाऊक!

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले, तेव्हाची गोष्ट सांगते. नारीशक्ती दूत ॲपवर नाव, पत्ता, आधार, बँक, कागदांचे फोटो. झालं की पुढची बाई, परत तेच. अर्जामागं ५० रुपये ठरलेले. दिवसा ते चाक नुसतं गरगरायचं, म्हणून रात्री जेवणं उरकून बसायचं. पहिले दहा अर्ज नीट होतात. पुढं हात आपोआप चालतो आणि मन घरी भाकरी थापत असतं. चूक तिथंच होते.

माझी झाली. एका घरातल्या दोन जावा, नावं सारखीच. थोरलीच्या अर्जाला मी धाकटीचे कागद जोडले. १४ ऑगस्टपासून बायकांच्या खात्यावर दोन महिन्यांचे ३००० रुपये पडायला लागले. थोरली रोज पासबुक घेऊन यायची. "पोरी, माझं काय चुकलं गं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या दारात जाऊन मी तसं सांगितलं. अर्ज दुरुस्त होऊन मंजूर होईस्तोवर मला घास गोड लागला नाही.

तेव्हापासून आकडा मी वाचत नाही, समोरची वाचते, मी नुसती बोट ठेवते. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा तपासणीचा असतो, त्यामुळं एखादा आकडा चुकला तर तो पकडता येतो. बँकेच्या खाते क्रमांकाचा तसा भरवसा धरू नका. आयएफएससी कोड ११ अक्षरी, त्यातलं पाचवं कायम शून्य असतं. आपण तिथं इंग्रजी 'ओ' टाकतो. आणि हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर जातात. कितीतरी जणी नव्या पासबुकात शोधत बसल्या अन् पैसे जुन्या खात्यात पडलेले!

कंटाळा येतो का? येतो, लय येतो. पण त्या अर्जात लग्नाआधीचं नाव लिहायला एक रकाना होता. साठीला आलेल्या एका मावशींना विचारलं, तर त्या थांबल्याच. मग वडिलांचं नाव लावून पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "परत एकदा वाच." मी वाचलं. मागं रांग होती, तरी दोनदा वाचलं.

आता गटाच्या नोंदीही मोबाईलवर चढवायच्यात. बचत, कर्ज, हप्ता, दर महिन्याला तेच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं पासबुक आणा. आकडे तुम्ही मोठ्यानं वाचायचे. चष्मा घरी विसरू नका.