जुनी नळी आणि नवी दारू

अहमदनगर, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तें शहर दारूगोळ्यास नवखें नाहीं. विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ 1549 मध्यें नगरासच ओतली गेली. 1803 च्या ऑगस्ट महिन्यांत वेलस्लीच्या तोफा नगरच्या किल्ल्यावर धडाडल्या. या दोन प्रसंगांत अडीचशें वर्षांचें अंतर; परंतु दोन्ही वेळीं तोफेच्या पोटांत गेलेला पदार्थ एकच होता. सोरा, गंधक आणि कोळसा यांचें तें काळें मिश्रण होतें. ठासणीच्या बंदुकीपासून काडतुसाच्या रायफलीपर्यंत हत्यारें बदलत गेलीं. दारू मात्र तीच राहिली.

या काळ्या दारूवर चालणाऱ्या शेवटच्या मोठ्या लष्करी हत्यारांपैकीं एक म्हणजे मार्टिनी-हेन्री रायफल. ब्रिटिश सैन्यानें ती 1871 मध्यें स्वीकारली. तिच्यांत एका वेळीं एकच काडतूस बसे. खालचा दांडा ओढला कीं नळीच्या मागचा ठोकळा खालीं जाई. मग काडतूस सारावें, दांडा मिटावा आणि चाप ओढावा. काडतुसांत 85 ग्रेन म्हणजे सुमारें साडेपांच ग्रॅम दारू असे, आणि तिच्यापुढें 480 ग्रेन वजनाची शिशाची गोळी. 1857 नंतर हिंदी शिपायाच्या हातीं गोऱ्या शिपायापेक्षां एक पिढी जुनें हत्यार द्यावें, असें सरकारचें धोरण होतें. त्यामुळें 1897 च्या तिराह मोहिमेंत गोऱ्या पलटणींजवळ नवी ली-मेटफर्ड होती, तर हिंदी पलटणी मार्टिनीच चालवीत होत्या. प्रत्येक बाराबरोबर पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि शिपाई कोठें आहे हें शत्रूस आपोआप कळे. काळी दारू जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपांत उरतो. तोच धूर होतो, आणि तोच नळींत राख होऊन बसतो. ही राख हवेंतील ओल शोषून घेते व पोलाद खाते. म्हणून गोळीबार आटोपला कीं गरम पाण्यानें नळी धुणें हें शिपायाचें नित्यकर्म असे.

हा धूर नाहींसा केला तो पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें, 1884 मध्यें. कापसावर नायट्रिक व गंधकाच्या आम्लांची क्रिया करून जो ज्वालाग्राही पदार्थ मिळतो, त्यापासून त्यानें नवी दारू सिद्ध केली. 1889 मध्यें एबल व ड्यूअर या दोघांनीं इंग्लंडांत कॉर्डाइट तयार केलें. तें सुतळीसारखें दिसे, म्हणून त्यास तें नांव पडलें. नव्या दारूचा प्रताप 15 डिसेंबर 1899 रोजीं दक्षिण आफ्रिकेंत कोलेन्सो येथें दिसला. बोअर शेतकरी खंदकांत लपून माउझर रायफली झाडीत होते. पण धूर नसल्यामुळें गोळ्या कोठून येतात हेंच इंग्रजी फौजेस उमगेना. पुढें याच युद्धांतील कांहीं बोअर कैदी समुद्र ओलांडून नगरास आणून ठेवण्यांत आले. त्यांच्या बांधवांपैकीं पुष्कळांजवळ माउझर होती, तर कित्येकांजवळ जुनी मार्टिनीही होती. एकाच फौजेंत दोन्ही दारू नांदत होत्या. मात्र ज्याची दारू त्याच नळींत जात असे.

या शेवटच्या वाक्यांत साऱ्या विषयाचें मर्म आहे. ली-मेटफर्ड रायफल 1888 मध्यें आली तेव्हां कॉर्डाइट तयार नव्हतें. तिच्या काडतुसांत 70 ग्रेन काळी दारू दाबून भरीत. कॉर्डाइट आल्यावर त्याच काडतुसांत, त्याच वजनाच्या गोळीमागें, सुमारें 30 ग्रेन पुरेसें झालें. आणि गोळीचा वेग उलट वाढलाच. यावरून सत्तर ग्रेनांच्या जागीं नव्या दारूचे सत्तर ग्रेन घालणाराचें काय होईल, हें सांगावयास नकोच.

भेद केवळ जोराचा नाहीं, जळण्याच्या रीतीचाही आहे. काळ्या दारूच्या जळण्याच्या गतीवर दाबाचा परिणाम थोडा होतो. नव्या दारूचें तसें नाहीं. दाब वाढला कीं ती अधिक वेगानें जळते, अधिक वेगानें जळली कीं दाब आणखी वाढतो, आणि हें चक्र निमिषार्धांत फिरतें. शिवाय काळी दारू काडतूस भरून टाकीत असे. चुकून दुप्पट घालूं म्हटलें तरी जागाच नसे. नवी दारू तळाशीं थोडीशी बसते, वर पोकळी राहते, आणि दुप्पट माप पडलें तरी बाहेरून कांहींच दिसत नाहीं. जुन्या कारागिरास जें रक्षण मापानेंच मिळे, तें नव्या दारूनें काढून घेतलें.

सैन्याचे कारखाने हें जाणून होते. जुन्या मार्टिनीस नव्या काडतुसासाठीं वापरावयाचें ठरलें तेव्हां त्यांनीं जुन्या नळींत नवी दारू ओतली नाहीं. त्यांनीं नळीच बदलली. अशा रायफलींस मार्टिनी-मेटफर्ड व पुढें मार्टिनी-एन्फील्ड म्हणत. खुद्द ली-मेटफर्डच्या उथळ आट्यासुद्धां कॉर्डाइटच्या उष्णतेनें झिजूं लागल्या. म्हणून 1895 मध्यें खोल आट्यांची ली-एन्फील्ड आणावी लागली. शिकारी रायफलींसाठीं विलायती काडतूसवाल्यांनीं वेगळी तोड काढली होती. काळ्या दारूच्या नळीस सोसेल एवढ्याच दाबाचें कॉर्डाइट मोजून ते काडतुसें भरीत आणि तीं कोणत्या रायफलीसाठीं, तें स्पष्ट नमूद करीत. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहें नळींत नेहमींपेक्षां जबर बार उडवून तिची कसोटी घेत व छाप मारीत. नव्या दारूच्या कसोटीचा छाप निराळा असे.

आतां समजा, नगर जिल्ह्यांतील एखाद्या वाड्यांत आजोबांची परवान्याची जुनी रायफल आहे, आणि घरांतील तरुणास ती एकदां वाजवून पाहण्याची हौस आली आहे. बाहेरून ती धडधाकट दिसते. परंतु नळीच्या आंत राखेनें खाल्लेले खड्डे असतील, ठोकळ्याची खीळ झिजली असेल, आणि पोलाद तर पहिल्यापासूनच मऊ दाबासाठीं घडविलेलें. पहिला बार सुखरूप उडाला तर धोका टळला असें नव्हे. धातूस पडलेली सूक्ष्म चीर डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तिसरा किंवा दहावा बार ती उघड करतो. ज्या ठोकळ्यामागें नेम धरणाराचा डोळा असतो, तोच ठोकळा अशा वेळीं मागें येतो.

म्हणून अशा घरानें दोन गोष्टी पाळाव्या. जाणत्या बंदूक-कारागिरानें नळी आंतून तपासून, तिच्यावरील छाप वाचून निर्वाळा दिल्यावांचून तींत कोणताही बार भरूं नये. आणि निर्वाळा मिळाला तरी तिच्याच काळची, म्हणजे काळी दारूच तिला द्यावी. घरच्या घरीं मापें बदलून नवी दारू भरण्याचा प्रयोग कोणीं करूं नये. निर्वाळा न मिळाल्यास रायफल तेल लावून भिंतीवर ठेवावी. आजोबांची आठवण म्हणून ती तेथें शोभून दिसेल, आणि नातवाचे दोन्ही डोळे तिच्याकडे पाहण्यास शाबूत राहतील.