फिरत्या घराची मोरी

घर म्हटलें कीं त्याला मोरी ही आलीच. पक्क्या घराची मोरी एकदां बांधली म्हणजे ती तुंबेपर्यंत तिची कोणाला आठवण होत नाहीं. परंतु घरच चाकांवर फिरूं लागलें, तर त्याची मोरी प्रत्येक मुक्कामीं नव्यानें जोडावी लागते. अमेरिकेंतील मोटारघरें हीं अशीं फिरतीं घरें होत. आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी येथें विनेबेगो कंपनीनें १९६६ सालापासून तीं बांधण्यास आरंभ केला, आणि पुढें पुष्कळ कुटुंबांना या प्रवासाची गोडी लागली. तिकडे नोकरीनिमित्त राहणारीं मराठी कुटुंबेंही सुटींत असें वाहन भाड्यानें घेऊन रानावनांत मुक्काम करितात.

या घरांत निजावयास खाटा, स्वयंपाकाला शेगडी, न्हाणी आणि शौचकूप अशी सर्व सोय असते. घराच्या पोटाखालीं घाण पाण्याच्या बहुधा दोन टाक्या असतात. न्हाणीचें व भांडीं धुतल्याचें पाणी एकींत सांचतें. त्याला तिकडे करडें पाणी म्हणतात. शौचकूपाची घाण दुसरींत जाते; तिचें नांव काळें पाणी. मराठी माणसाला या नांवानें अंदमान आठवेल; तिकडे मात्र तें नांव केवळ रंगावरून पडलेलें आहे. तीस-चाळीस गॅलनांची ही टाकी भरली, म्हणजे शंभर-दीडशें लिटर मैलापाणी वाहनाखालीं सांठलेलें असतें. मुक्कामाच्या जागीं जमिनींत तीन किंवा चार इंच व्यासाच्या गटाराचें तोंड असतें. टाकीपासून तेथपर्यंत तीन इंच व्यासाची लवचिक नळी जोडावयाची आणि झडप उघडावयाची, एवढेंच काम.

काम एवढेंच, पण सारी मेख येथेंच आहे. टाकी बंद असते, गटार जमिनीखालीं असतें. उघड्यावर असते ती ही कांहीं फूट नळीच. आज जेथें ती पसरली, तेथें उद्यां दुसऱ्या कुटुंबाचें मूल चेंडू खेळणार. मैलापाण्यांतून कावीळ, हगवण आणि पोटाचे नाना विकार पसरतात. म्हणून नळीची सुधारणा ही केवळ मालकाच्या सोयीची बाब नसून शेजारधर्माची बाब आहे.

स्वस्त नळी म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर चढविलेलें पातळ प्लॅस्टिक. उन्हानें तें कडक होतें, खडीवर घासून त्याला बारीक भोकें पडतात, आणि पाय पडला तर तार चेपते ती चेपतेच. तिचें टोंक गटारांत नुसतें खुपसून वर धोंडा ठेवणारेही असतात. पाण्याचा लोंढा एकदम सुटला म्हणजे नळी उसळते, धोंडा बाजूला पडतो, आणि पुढें काय होतें तें सांगावयास नको.

सुधारणेला आरंभ करावयाचा तो नळीपासून. ती जाड असावी आणि चेपली तरी पुन्हां मूळ आकार घेणारी असावी. एका लांबलचक नळीपेक्षां दहा-दहा फुटांचे दोन तुकडे बरे. जवळ काम भागत असेल तेथें एकच जोडावा. त्यानंतर सांधे. नळी कितीही चांगली असली तरी सांधा कच्चा असेल तर सारें व्यर्थ. वाहनाकडील टोंकाला आंकड्यांचें कडें असतें. तें फिरवून घट्ट बसवावें, आणि आंतील रबरी वायसर झिजला कीं बदलावा. गटाराकडील टोंकाला आट्यांचा जोड असावा, म्हणजे तो तोंडांत पिळून बसतो. आटे नसतील तेथें रबराचें जाड कडें वापरावें. त्या जोडावर पारदर्शक एल्बो बसविला, म्हणजे पाणी निवळ झालें कीं नाहीं तें डोळ्यांनीं दिसतें.

तिसरी गोष्ट उताराची. फुटामागें पाव इंच हा नळकामांतील रूढ नियम; म्हणजे दहा फुटांना अडीच इंच. नळी जमिनीवर लोळत ठेवली तर प्रत्येक खळग्यांत घाण अडते. याकरितां एका टोंकाला उंच व दुसऱ्याला ठेंगणा असा घडीचा आधार मिळतो. तो नळीखालीं पसरावा. चौथी गोष्ट जादा झडपेची. मूळ झडप कालांतरानें पाझरूं लागते, आणि टोपण काढतांच घाण पायांवर येते. तोंडावर दुसरी झडप फिरवून बसविली कीं हा प्रसंग टळतो.

मैला दळून बारीक नळींतून चढावरही नेणारा, १२ व्होल्ट विजेवर चालणारा पंपही मिळतो. गटाराचें तोंड दूर किंवा उंचावर असेल तेथें तो उपयोगी खरा. पण त्यांत चिंधी अडकली कीं तो बंद पडतो. म्हणून साधी नळी जवळ ठेवावीच.

मात्र उत्तम साहित्यही वाईट संवयीपुढें हात टेकतें. काळ्या टाकीची झडप सदैव उघडी ठेवली, तर पाणी वाहून जातें आणि घट्ट मळ तळाशीं थिजतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत झडप बंद ठेवावी. मग प्रथम काळी टाकी सोडावी व मागाहून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानें नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घालावे. काम झाल्यावर नळीचीं दोन्ही टोंकें टोपणांनीं बंद करावीं, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीपासून ती निराळ्या कप्प्यांत ठेवावी.

या प्रवासांत हें काम करावयास दुसरा कोणी नसतो. ज्याच्या घराची घाण, त्यालाच ती काढावी लागते. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैलासफाईचें काम स्वतःच्या हातांनीं केलें, तें हाच धडा शिकविण्याकरितां. मोटारघराचा मालक तो धडा निरुपायानें गिरवितो. पण झिजलेला वायसर त्यानें वेळीं बदलला आणि निघतांना जागा कोरडी ठेवली, तर त्याच्यामागून येणारें कुटुंब त्याच जमिनीवर निर्धास्त सतरंजी अंथरूं शकतें.