जठराचा कर्करोग आणि शस्त्रवैद्याचा चाकू
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत मीं आजाराचा विषय कां काढावा, असें आपणांस वाटेल. परंतु पिंपळनेरच्या आसपासच्या पाड्यांवर रुग्णाभ्यंगासाठीं जातांना एक वाक्य माझ्या कानीं वारंवार आलें आहे: "फादर, पोटांत गांठ आहे, पण चाकू लागला कीं ती पसरते." ह्याच भीतीनें वर्षभर सोड्याच्या पुडीवर दिवस काढलेला एक गृहस्थ मीं पाहिला. तो रुग्णालयांत पोहोंचला तेव्हां गांठ काढण्याजोगी राहिली नव्हती. उशिरां पोट उघडलेले रुग्ण लौकर दगावतात, आणि दोष मात्र चाकूवर येतो.

ही विद्या कालची नव्हे. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें बिलरोथ ह्या शस्त्रवैद्यानें जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेला भाग आंतड्यास जोडला. ती स्त्री शस्त्रक्रियेंतून वांचली, परंतु रोग उलटून सुमारें चार महिन्यांनीं वारली. १८९७ सालीं झुरिक येथें श्लाटर यांनीं एका स्त्रीचें संपूर्ण जठर काढलें. ती वर्षाहून अधिक काळ जगली.

आज मार्ग अनेक आहेत. रोग केवळ आंतल्या अस्तरांत असेल, तर पुष्कळदां पोट न कापतां तोंडावाटे दुर्बीण घालून तेवढा भाग सोलून काढतां येतो. गांठ जठराच्या खालच्या भागीं असल्यास तो भाग काढून उरलेलें जठर लहान आंतड्यास जोडतात. ती वर किंवा सर्वत्र असल्यास संपूर्ण जठर काढून अन्ननलिकाच आंतड्यास जोडतात. ह्या दोन्हींत भोंवतालच्या लसिकाग्रंथीही काढतात, कारण रोग प्रथम तेथें दडून बसतो. पुष्कळदां शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर केमोथेरपी देतात. रोग दूरवर गेला असेल, तर जठर काढून सहसा लाभ नसतो. तेव्हां अन्नाची अडलेली वाट मोकळी करण्यासाठीं जठर आंतड्याशीं दुसरीकडून जोडतात, किंवा नळी बसवितात. तो उपाय दिलाशाचा होय.

जठर नसतांही मनुष्य जगतो. त्यानें थोडें थोडें, दिवसांतून पांच-सहा वेळां खावें. ब-१२ जीवनसत्त्व मात्र त्याला जन्मभर घ्यावें लागतें.

आणि ज्यास बरें होणें नाहीं, त्याचें आयुष्य व्यर्थ नव्हे. पोप तेविसावे जॉन यांना १९६२ च्या सप्टेंबरांत हाच रोग असल्याचें कळलें. तरी ११ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं व्हॅटिकन परिषदेचें उद्घाटन केलें. ३ जून १९६३ रोजीं ते निवर्तले.

म्हणून भूक मंदावली, दोन घांसांत पोट भरूं लागलें, वजन घटलें किंवा शौचास काळें झालें, तर विलंब न करतां धुळ्यास जाऊन तपासणी करावी. पुढें गरज पडल्यास परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उघडें आहे. खर्चासाठीं महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. शस्त्रवैद्यास तीन प्रश्न नि:संकोच विचारावे: रोग कोठवर गेला आहे? ही शस्त्रक्रिया बरें करण्यासाठीं कीं दिलाशासाठीं? पुढें खाणेंपिणें कसें ठेवावें?

अभ्यंगाचें तेल आणि शस्त्रवैद्याचा चाकू एकमेकांचे वैरी नव्हेत. मला अवश्य बोलवा. परंतु त्याच दिवशीं वैद्याकडेही निघा.