तासिका तत्त्वावरील अध्यापक : शहापूर-मुरबाडमधील कार्य आणि काही व्यवहार्य सूचना

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयीन अर्धवेळ अध्यापकांना उद्देशून केलेल्या भाषणाचा मजकूर)



1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्याचा बराचसा आदिवासी मुलूख त्याच्याबरोबर गेला. तरीही सह्याद्रीच्या पायथ्याचे शहापूर आणि मुरबाड हे दोन विस्तीर्ण तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. एकीकडे कसाऱ्यापर्यंत धावणारी उपनगरी गाडी आणि मुंबई-नाशिक महामार्ग, तर दुसरीकडे रेल्वेचा स्पर्श न झालेला, कल्याण-माळशेज रस्त्यावर विसंबलेला मुरबाड तालुका. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी आणि आगरी कुटुंबांतील अनेक मुलेमुली आज महाविद्यालयाची पायरी चढत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरातील ती पहिलीच पायरी होय.

या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्यांत तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा वाटा मोठा आहे. त्यांची नेमणूक सत्रापुरती वा वर्षापुरती असते. विद्यार्थ्याची पदवी मात्र आयुष्यभराची असते. या दोहोंतील अंतर कसे भरून काढावे, हाच या भाषणाचा विषय आहे.

नेमणूक आणि हिशेब

अध्यापनास आरंभ करण्यापूर्वी नेमणुकीचा लेखी आदेश हाती असणे आवश्यक आहे. विषय, वर्ग, आठवड्यातील तासिकांची संख्या, मुदत आणि मानधनाचा दर या पाच बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. तोंडी आश्वासनावर घेतलेल्या तासिकांचे देयक पुढे अडकले, तर दोष कोणाचा हे ठरविणे कठीण जाते आणि तोटा मात्र अध्यापकालाच सोसावा लागतो.

तासिका आणि घड्याळी तास यांतील फरकही पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. 48 मिनिटांच्या 15 तासिका म्हणजे 12 घड्याळी तास होत. देयक कोणत्या हिशेबाने होणार, हे कार्यालयात विचारून नोंदवून ठेवावे. प्रत्येक तासिकेनंतर दिनांक, वेळ, वर्ग, शिकविलेला घटक आणि उपस्थिती यांची नोंद स्वतःच्या वहीतही करावी आणि महिन्याअखेर ती महाविद्यालयाच्या नोंदवहीशी पडताळून विभागप्रमुखांची स्वाक्षरी घ्यावी. देयकाची एक प्रत स्वतःजवळ असावी. वर्षाअखेर अनुभवाचे प्रमाणपत्र मागण्यास संकोच करू नये.

या सेवेचे मोल पुढे कितपत धरले जाते, याविषयी भ्रम नसावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार मागील तात्पुरती सेवा मोजताना आवश्यक अर्हता, रीतसर निवड आणि नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसलेले मानधन अशा अटी आहेत. तासिकांवर मिळणारे मानधन यांपैकी शेवटची अट सहसा पूर्ण करीत नाही. यास्तव केवळ वर्षे मोजीत राहण्यापेक्षा अर्हता पूर्ण करणे हेच श्रेयस्कर. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता असून पीएच. डी. ऐच्छिक आहे. सेट परीक्षेत पहिली प्रश्नपत्रिका 50 प्रश्नांची व दुसरी विषयाची, 100 प्रश्नांची असते. जो विषय रोज वर्गात शिकविला जातो, त्याच्याच टिपणांतून या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेची तयारी होऊ शकते. अध्यापन आणि अभ्यास ही दोन वेगळी ओझी मानण्याचे कारण नाही.

प्रवास आणि वेळापत्रक

एका महाविद्यालयातील तासिकांवर चरितार्थ चालत नाही, म्हणून पुष्कळजण दोन ठिकाणी शिकवितात. सकाळी आसनगावला उतरून शहापूर गाठावयाचे आणि दुपारी किन्हवली-सरळगाव मार्गे मुरबाडकडे जावयाचे, हा क्रम नकाशावर सोपा दिसतो. पावसाळ्यात तो सोपा राहत नाही. यासाठी दोन्ही प्राचार्यांना परस्परांच्या वेळापत्रकाची कल्पना द्यावी आणि शक्य तर दिवस वाटून घ्यावेत : तीन दिवस एका ठिकाणी, तीन दिवस दुसऱ्या ठिकाणी. एका दिवसात दोन गावे करणारा अध्यापक तास संपताच बसथांब्याकडे निघतो. शंका विचारू इच्छिणारा, आधीच बुजरा असलेला विद्यार्थी तेव्हा दाराशीच थांबतो. दिवस वाटले म्हणजे प्रवासखर्च वाचतो आणि त्या विद्यार्थ्यालाही वीस मिनिटे मिळतात.

अभ्यासक्रमाची आखणी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आलेल्या श्रेयांक पद्धतीत सैद्धांतिक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे 15 तासांचे अध्यापन. तीन श्रेयांकांचा विषय 45 तासांचा झाला. आठवड्यास 3 तास धरल्यास त्यासाठी 15 आठवडे लागतात. नेमणूक 4 आठवडे उशिरा झाली, तर 12 तास गेले आणि हाती 33 उरले. अशा वेळी पहिल्या घटकापासून संथपणे आरंभ करून शेवटचे घटक वाऱ्यावर सोडणे हा मार्ग नव्हे. नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक घटकाला किती तास द्यावयाचे, हे कागदावर मांडावे. विद्यार्थी स्वतः वाचू शकतील असा भाग वेगळा काढून त्याची छोटी टिपणे द्यावीत आणि राहिलेल्या तासांसाठी जादा वर्गांची परवानगी प्राचार्यांकडून लेखी घ्यावी. उशीर अध्यापकामुळे झालेला नसतो. तथापि त्याचा भार विद्यार्थ्यावर पडू नये, हे पाहणे त्याच्या हाती असते.

या भागाचे स्वतःचे एक पंचांग आहे. जुलैमध्ये भाताची आवणी असते आणि घरात हातांची वाण पडते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पौषातील म्हसे येथील यात्रेचे दिवसही असेच. या काळातील अनुपस्थितीस आळस समजणे अन्यायाचे ठरेल. मूलभूत संकल्पना आवणीच्या ऐन आठवड्यात न शिकविता त्या आधी वा नंतर घ्याव्यात आणि परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी उजळणीचा एक तास राखून ठेवावा. दीर्घकाळ न दिसणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून जाण्यापूर्वी त्याच्या गावी निरोप पोहोचवावा.

परिसर हेच पाठ्यसाहित्य

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह ते वाढविले. ही दोन्ही गावे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, आणि शिक्षणाचे साहित्य परिसरातूनच घ्यावे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. ते बालशिक्षणापुरते मर्यादित नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकास टंचाई आणि वाटप शिकवावयाचे असेल, तर उदाहरण दूर शोधावे लागत नाही. तानसा जलाशय 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आहे. भातसाही त्याच तालुक्यात आहे. आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. इतिहासाच्या वर्गात 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीसाठी दिलेला अखेरचा लढा येतो. तो माहुलीचा किल्ला तर खिडकीतून दिसण्याच्या अंतरावर आहे. नाणेघाटाची प्राचीन वाट मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून वर चढते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला बाजारपेठ समजावयाची, तर म्हशाचा गुरांचा बाजार आणि गावचा महिला बचत गट हे हिशेबाचे जिवंत धडे आहेत.

भाषेविषयीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वारली, कातकरी वा ठाकरी बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यास ग्रंथांतील मराठी काहीशी परकी वाटते. त्याच्या बोलीतील शब्दास वर्गात हसू न देणे आणि तोच शब्द फळ्यावर लिहून प्रमाण शब्द त्याच्या शेजारी मांडणे, एवढ्याने तो बोलू लागतो.

वर्गाबाहेरील साहाय्य

आदिवासी वसतिगृहे, प्रवेश न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्त्या यांची माहिती पुष्कळ विद्यार्थ्यांपर्यंत मुदत उलटल्यावर पोहोचते. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटे यासाठी द्यावीत आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढण्यास सांगावे. अध्यापकाने अर्ज भरून देण्याची आवश्यकता नाही. कोणाकडे जावे, हे सांगणे पुरेसे असते.

ग्रामपंचायतींनाही यात वाटा उचलता येईल. स्थलांतरित कुटुंबांतील महाविद्यालयीन मुलांची यादी ठेवणे, सायंकाळी अभ्यासासाठी पंचायतीची एक खोली उजेडासह उघडी ठेवणे, सकाळच्या तासिकेला पोहोचेल अशा वेळेची एस. टी. मिळावी म्हणून आगाराकडे ठराव पाठविणे, ही कामे खर्चाची नाहीत. महाविद्यालयांनी तासिका तत्त्वावरील अध्यापकास ग्रंथालयातील पुस्तके, बसण्यास जागा आणि विभागाच्या बैठकीत स्थान द्यावे. देयके वेळेवर वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविणे हेही शैक्षणिक कार्यच आहे, कारण दिवाळीपर्यंत मानधन न मिळालेला अध्यापक सत्राच्या मध्यावर दुसरे काम पत्करतो आणि वर्ग रिकामा राहतो.

असा रिकामा राहिलेला वर्ग शहरात पुन्हा भरतो. तेथे शिकवणी असते, दुसरे महाविद्यालय असते. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यास हा पर्याय नसतो. यास्तव काही अपरिहार्य कारणाने काम सोडावे लागलेच, तर शिकविलेले घटक, अंतर्गत परीक्षांचे गुण आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची नावे लिहून विभागप्रमुखांच्या स्वाधीन करावीत. नंतर येणाऱ्याला तेथूनच पुढे जाता येईल.