मोटारघरांतील माळा

घरांतली जागा पुरेनाशी झाली म्हणजे गृहस्थाची दृष्टि प्रथम वर जाते. पांढरकवड्याच्या बाजूला ती तशी जाण्यास कारणही आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील हा केळापूर तालुका सागाच्या रानांचा. जुन्या घरांत सागाचीं नाटें, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवरचा अंधारा माळा हें घराचें कोठार असे. लग्नकार्याचीं पातेलीं, पाळणा, जुन्या वह्या, सारें तेथें चढे. शिडी काढून घेतली कीं मुलांचा हात पोंचत नसे, आणि पक्क्या सागाला वाळवीही सहसा लागत नाहीं.

पुढें घर सिमेंटचें झालें, माळा गेला आणि अंगणाच्या जागीं मोटारघर आलें. नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावरच्या या गांवांत शिक्षक, वकील, व्यापारी यांच्यापैकीं अनेकांचें शेतही जवळपास असतें; म्हणून मोटारघर केवळ मोटारीचें राहत नाहीं. फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या, ताडपत्री, कापसाचीं रिकामीं पोतीं, दिवाळीचा आकाशकंदील हें सर्व मोटारीच्या चाकांशीं येऊन बसतें, आणि मग छतास टांगावयाची लोखंडी मांडणी घेण्याचा विचार निघतो.

मांडणी पाहण्यापूर्वीं छत पाहावें. तें टिनाचें असेल तर टांगण्याचा बेत सोडून द्यावा, कारण पत्र्याखालचें लोखंड पत्र्याचा भार आणि वाऱ्याचा जोर सोसण्यापुरतेंच घातलेलें असतें. पक्क्या स्लॅबांत बोल्ट बसवून मांडणी टांगतां येते. परंतु स्लॅबच्या पोटांत सळ्या असतात, विजेच्या नळ्याही असतात, तेव्हां भोंक पाडण्याआधीं जाणकाराकडून त्यांची वाट पाहून घ्यावी. पावसाळ्यांत जेथें ओल उमटते किंवा गिलावा पोकळ वाजतो, तेथें एकही बोल्ट नको. चार फूट रुंद व आठ फूट लांब अशा तयार मांडण्यांपैकीं भक्कम म्हणून विकल्या जाणाऱ्या मांडणीवर सुमारें २७० किलो वजन पेलतें असें लिहिलेलें आढळतें. हा आंकडा मांडणीचा आहे, स्लॅबचा नव्हे; शिवाय तो भार सर्वत्र सारखा पसरलेला धरलेला असतो. एकाच कोपऱ्यांत गव्हाचीं दोन पोतीं रचलीं तर त्या आंकड्याला अर्थ राहत नाहीं. जड सामानासाठीं जमिनीवर चार पाय टेकलेली व भिंतीशीं जखडलेली मांडणीच बरी. गांवांतला वेल्डिंगवाला ती मापावर करून देतो आणि स्लॅबला तिचा उपद्रव होत नाहीं.

उंचीचा हिशोब सोपा आहे, तरी तो बहुधा चुकतो. छत १० फुटांवर असून मांडणी अडीच फूट खालीं आली तर साडेसात फूट उरतात. मोटारीचें मागचें दार पुरतें उघडून त्याची उंची मोजावी. शटरच्या गुंडाळीची जागाही सोडावी, नाहीं तर मांडणी बसल्यावर शटर अर्ध्यावर अडतें.

वर काय चढवावें? हलकें, क्वचित् लागणारें आणि उष्णतेनें न बिघडणारें. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि छताखालची हवा त्याहूनही तापते. पेट्रोल, थिनर, रंगाचे उघडलेले डबे वर ठेवूं नयेत. इन्व्हर्टरची बॅटरी तर मुळींच नको. तींत आम्ल असतें आणि मोठ्या बॅटरीचें वजन ५० किलोंच्याही वर जातें.

परंतु पांढरकवड्याच्या मोटारघरांतला सर्वांत बिकट प्रश्न औषधाच्या डब्यांचा आहे. कपाशीवर फवारावयाच्या विषाला सरसकट औषध म्हणतात. हा शब्दच घात करणारा आहे. २०१७ च्या खरीप हंगामांत याच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणींतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडों माणसांना रुग्णालयांत न्यावें लागलें. तो अनर्थ शेतांत घडला. पण हंगाम सरल्यावर उरलेला डबा पुष्कळदां घरीं येतो. मुलांचा हात पोंचूं नये म्हणून घरचीं माणसें, जुन्या माळ्याच्या संवयीनें, तो उंचावर ठेवतात. हेतु चांगला, जागा मात्र वाईट. पुढें शिडीवर उभें राहून तो डोक्यावरून उतरवावा लागतो; झांकण सैल असलें तर विष प्रथम डोळ्यांत व तोंडावर येतें. गळला तर खालच्या धान्यावर, मुलांच्या सायकलीवर ठिबकतो, आणि तें लवकर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

असा डबा खालीं, कुलूपबंद लोखंडी पेटींत, धान्यापासून दूर आणि शक्य तर राहत्या घराबाहेर असावा. त्याच्याखालीं एखादी परात ठेवावी. विष मूळ डब्यांतून दुसऱ्या बाटलींत कधींही ओतूं नये, सरबताच्या तर नाहींच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणें लेबलावर तिरपा चौकोन असतो व त्याच्या खालच्या अर्ध्याचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. बाटली बदलली कीं ही खूणही गेली, आणि रुग्णालयांत डॉक्टर प्रथम तीच मागतात. धुऊन वाळवलेला पंपसुद्धां पेटीशेजारीं खालींच राहूं द्यावा. वरच्या मांडणीवर ताडपत्री, रिकामीं पोतीं आणि आकाशकंदील सुखानें राहतील.