ऐकून घेण्याची जबाबदारी

(शासकीय सेवेत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत मुलांना वाचायला व लिहायला शिकवले जाते. वक्तृत्वाच्या स्पर्धा भरतात, उत्तम वक्त्याला पारितोषिक मिळते. ऐकण्याचे शिक्षण मात्र कोणत्याही वर्गात दिले जात नाही, कारण ते जन्मतःच येते असे गृहीत धरलेले असते. वास्तविक कानावर ध्वनी पडणे ही शरीराची क्रिया आहे, तर ऐकणे ही मनाची आणि बुद्धीची. पहिली आपोआप घडते, दुसरी प्रयत्नाने साधावी लागते.

भारतीय परंपरेला हा भेद नवा नाही. श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा ज्ञानसाधनेचा क्रम उपनिषदांच्या काळापासून मानला गेला आहे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे आहे आणि समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकातील पहिला समास श्रवणभक्तीसाठी योजला आहे. विद्वान माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो. ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

ऐकण्याची दिशा

व्यवहारातील मराठीत मात्र 'ऐकणे' या क्रियापदाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. 'मुलगा अजिबात ऐकत नाही' अशी तक्रार आई करते, तेव्हा तिला मुलाच्या कानांविषयी काही म्हणायचे नसते. तो सांगितलेले करीत नाही, एवढेच तिला सांगायचे असते. कनिष्ठाने वरिष्ठाचे ऐकावे, सुनेने सासूचे ऐकावे, शिपायाने साहेबांचे ऐकावे. या प्रत्येक वाक्यात ऐकणे म्हणजे आज्ञा पाळणे होय. परिणामी ऐकणे हे खालच्या पायरीवरील माणसाचे काम ठरते आणि वरच्या पायरीवरील माणसाने ऐकले तर त्याने माघार घेतली असे समजले जाते. श्रवणकौशल्याच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा हाच आहे. तंत्राचा अभाव त्यानंतर येतो.

ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. तिची किंमत अनेकदा माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन 583 जण मृत्युमुखी पडले. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे काय, अशी शंका उड्डाण अभियंत्याने ऐनवेळी विचारली होती. वरिष्ठ वैमानिकाने ती मनावर घेतली नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1979 मध्ये, अमेरिकेच्या नासा या संस्थेने भरवलेल्या कार्यशाळेतून वैमानिक कक्षातील परस्पर संवादाच्या प्रशिक्षणाची पद्धत पुढे आली. कनिष्ठाने निर्भयपणे बोलावे आणि वरिष्ठाने ते ऐकावे, हे या प्रशिक्षणाचे मुख्य सूत्र होय.

तरीही सवयी सहजासहजी जात नाहीत. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले प्रवासी विमान मंगळूर येथे धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातील 166 पैकी 158 जण मरण पावले. चौकशी न्यायालयाच्या अहवालानुसार, विमान योग्य उंचीवर व वेगात नाही हे सहवैमानिकाच्या लक्षात आले होते. विमान न उतरवता पुन्हा वर न्यावे, असे त्याने तीन वेळा सुचवले. धोक्याची सूचना देणारे यंत्रही वारंवार इशारा देत होते. मुख्य वैमानिक प्रवासात बराच काळ झोपलेला होता, हेही अहवालात नोंदले आहे. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा निर्णय चुकू शकतो. अशा वेळी शेजारी बसलेल्या माणसाचे शब्द हाच आधार असतो. तो आधार तीन वेळा पुढे करण्यात आला, परंतु तो स्वीकारला गेला नाही.

'वेळ नाही' ही सबब

कार्यालयांतून सर्वाधिक ऐकू येणारी सबब वेळेची असते. सर्वांचे म्हणणे ऐकत बसलो तर कामे कधी करायची, असे विचारले जाते. या संदर्भात अमेरिकेतील हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांचे 1984 मधील संशोधन उद्बोधक आहे. डॉक्टर व रुग्ण यांच्या 74 भेटींचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी केवळ 23 टक्के भेटींत रुग्णाला आपले सुरुवातीचे म्हणणे पूर्ण करता आले. इतर भेटींत डॉक्टरांनी सरासरी 18 सेकंदांतच त्याचे बोलणे तोडले. ज्यांना बोलू दिले गेले, त्यांच्यापैकी कोणालाही अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही. भारतातही 2019 पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद या विषयांचा औपचारिक समावेश झाला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

डॉक्टरांविषयी जे खरे आहे, ते तहसील कार्यालयातील खिडकीविषयीही खरे आहे. अर्जदाराचे पहिले वाक्य ऐकताच 'हे आमच्याकडे नाही' असे सांगितले जाते. अपुऱ्या माहितीवर तो पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो आणि वाचवलेल्या दोन मिनिटांच्या जागी कार्यालयाचेच कित्येक तास खर्ची पडतात.

विचारल्यावाचून न कळणारे

काही गोष्टी अशा असतात की, कोणी विचारल्याशिवाय आणि धीराने ऐकल्याशिवाय त्या बाहेर येतच नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, तर त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलू लागली. तोवर या दुखण्यांना सरकारी नोंदवहीत स्थानच नव्हते. स्त्रिया सोसत होत्या. त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

आदिवासी रुग्ण रुग्णालयात का येत नाहीत, हा प्रश्नही बंग दांपत्याने आदिवासींनाच विचारला. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, पांढऱ्या कपड्यांमुळे प्रेतावरच्या कापडाची आठवण होते, अशी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांतूनच शोधग्राममध्ये झोपड्यांच्या वस्तीसारखे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. 'लोक अडाणी आहेत, म्हणून येत नाहीत' असे म्हणून विषय संपवणे सोपे होते. ऐकून घेतल्यामुळे मात्र इमारतीचा आराखडाच बदलला. कोणत्याही योजनेत लोकसहभागाचा खरा अर्थ हाच असतो.

सुनावणीचा अधिकार

राजस्थानमध्ये 1994 च्या अखेरीस मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या सुरू केल्या. गावातील कामांच्या नोंदी मोठ्याने वाचल्या जात आणि त्या कामांवर राबलेले मजूर त्यांविषयी बोलत. त्या चळवळीचा 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या घडणीत मोठा वाटा आहे. पुढे 2012 मध्ये राजस्थानने सुनावणीच्या अधिकाराचा स्वतंत्र कायदा केला. तक्रारदाराला 15 दिवसांच्या आत सुनावणीची संधी मिळावी, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात लोकशाही दिनाची प्रथा आहे. मात्र कायदा नागरिकाला खुर्ची देऊ शकतो. समोरच्या अधिकाऱ्याचे लक्ष कायद्याने मिळत नाही. तक्रार 'निकाली काढली' असा शेरा मारणे वेगळे आणि तक्रारदाराला 'माझे ऐकले गेले' असे वाटणे वेगळे.

अभ्यासाने साधणारी सवय

हे कौशल्य अभ्यासाने निश्चित वाढवता येते. बोलणाऱ्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे. तो थांबल्यावरही क्षणभर थांबावे, कारण अवघड गोष्ट बहुधा त्यानंतरच बाहेर येते. 'होय की नाही' असे विचारण्याऐवजी 'काय घडले' असे विचारावे. ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगून खात्री करावी. वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना उच्चारून परत सांगतात. रेल्वेत फाटक बंद झाल्याची खात्री म्हणून फाटकवाला स्टेशन मास्तरला खासगी क्रमांक देतो आणि तो नोंदला जातो. जेथे चुकीला जागा नाही, तेथे 'ऐकले' एवढे म्हणणे पुरेसे मानले जात नाही. बैठकीत सर्वांत कनिष्ठ सदस्याला आधी बोलू द्यावे. साहेबांचे मत एकदा कळले की इतरांची मते त्यालाच जुळतात. मात्र ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे, तसेच हलक्या कानाचे होणेही नव्हे. पूर्ण ऐकून नंतर कारणांसह नकार दिला, तर तो बहुधा स्वीकारला जातो.

घरीही नियम हाच आहे. संध्याकाळी मुलगी शाळेतील काही सांगू लागते आणि पालकाची नजर मोबाइलवर असते. तो 'हं, हं' म्हणतो. असे काही वेळा झाले की ती सांगणे सोडून देते. पुढे ती मोठ्या अडचणीत सापडली, तरी त्या घरात ते सांगायचे असते हेच ती विसरलेली असते. वृद्ध आई तीच आठवण दहाव्यांदा सांगते, तेव्हा तिला माहिती द्यायची नसते. कोणीतरी जवळ बसावे, एवढेच तिला हवे असते.

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या दालनाबाहेर उद्यापासून माणसे थांबतील. त्यांतील बहुतेकांचे काम नियमात बसेल, काहींचे बसणार नाही. ज्यांचे बसणार नाही, त्यांनाही बसायला खुर्ची द्यावी, हातातील कागद बाजूला ठेवावा आणि त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. त्यासाठी लागणारी दोन-तीन मिनिटे कोणत्याही अंदाजपत्रकात मागावी लागत नाहीत.