पहिली भाषा कोणती?

प्रोग्रामिंग शिकायला निघालेल्याला पहिला प्रश्न पडतो तो भाषेचा, आणि आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांत त्याचं उत्तर ठरलेलं असतं: सी. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ती घडवली आणि लवकरच युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यात लिहिली गेली. अशा कामाला ती आजही चोख आहे. पण ज्याला दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा वेबसाइट करायची आहे, तो काळ्या पडद्यावर मूळ संख्या छापत बसतो आणि साधं बटण काही त्याच्या दृष्टीस पडत नाही. डेस्कटॉप आणि वेब दोन्हींसाठी काम करायचं असेल, तर सुरुवात जावास्क्रिप्टपासून करावी असं माझं मत आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही. विंडोजवर क्रोम उघडून एफ-१२ दाबलं, की कन्सोल तयार. शिवाय तीच भाषा नोडमुळे सर्व्हरवर चालते आणि इलेक्ट्रॉनमुळे डेस्कटॉपवरही. व्हीएस कोड हा लोकप्रिय एडिटर असाच बनलेला आहे.

यावर जाणकार म्हणतील, ही भाषा विस्कळीत आहे. खरंच आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, आणि ती घाई अजून जाणवते. अवतरणचिन्हांतल्या ५ मध्ये १ मिळवला तर ५१ येतात; त्याच ५ मधून १ वजा केला तर मात्र ४! नवशिक्याची इथे फजिती होतेच. पण चूक लगेच डोळ्यांसमोर येते, आणि पुढे टाइपस्क्रिप्ट ही तिचीच विस्तारित भाषा अशा बऱ्याच चुका आधीच पकडून देते. पायथन जास्त नीटस आहे, हेही मान्य. आकडेवारीचं काम करायचं असेल तर खुशाल तीच घ्या. मात्र पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये वेबसाइट केली, तरी पानावरचा मेनू उघडण्या-मिटण्यासाठी बहुधा जावास्क्रिप्टकडेच यावं लागतं. इलेक्ट्रॉनवरचा आक्षेप जास्त वजनदार आहे: छोट्याशा सॉफ्टवेअरबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर येतो आणि मेमरी खातो. जुन्या संगणकावर ते जाचतं, म्हणून तिथे तेच काम ब्राउझरमध्ये चालवावं.

आणि सी? ती जरूर शिकावी, पण नंतर. तोवर व्हेरिएबल, लूप, फंक्शन अंगवळणी पडलेलं असतं. मग पॉइंटर आणि मेमरीचा हिशेब एवढंच नव्यानं समजून घ्यावं लागतं.